मग राहू दे

"आपण कधी निघणार, बाबा?" सूनबाईनं चहाचा कप माझ्यापुढे ठेवत विचारलं, आणि मी बूट पुसायला बसलो. कित्येक वर्षांत या घरात कुणी मला धरून 'आपण' म्हटलं नव्हतं. 'आम्ही' मात्र रोज कानावर पडे. आम्ही ठरवलंय, आम्ही जरा बाहेर जाऊन येतो, आम्हांला वाटतं तुम्ही साखर कमी करावी. 'आम्ही' म्हणजे आतून कडी लावलेली खोली. दाराखालच्या फटीतून उजेड तेवढा दिसतो. आणि आज एकदम 'आपण'! म्हटलं, पोरांनी काहीतरी बेत केलेला दिसतोय, तळ्यावर म्हणा, टेकडीवर म्हणा. कुठं ते विचारलं नाही, कारण विचारलं की बेत मोडतात असा माझा आयुष्याचा अनुभव. डाव्या बुटाला पॉलिश झालं, उजव्यात हात घातला, तेवढ्यात चिरंजीव माझी एकट्याची बॅग घेऊन बाहेर आला. हा माझा एकुलता एक मुलगा चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो. बापाच्या तोंडावरचं वाचणं त्याला कधी जमलेलं नाही. बॅगेवर माझी शाल घडी करून ठेवलेली होती. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला की त्या शब्दाला दुसरंही एक तोंड आहे. आपलं नाव काय, आपण बसावं, आपण कधी निघणार: हे 'आपण' म्हणजे समोरचा, परका, आदरानं चार हात लांब उभा केलेला. सूनबाई एरवी मला 'तुम्ही' म्हणते, आणि फरशी पुसत असली की नुसतं "बाबा, पाय". पण पाहुण्यांदेखत 'आपण'. वडीलधाऱ्यांना मान देणारं घर पाहुण्यांना आवडतं. टेबलापलीकडे पैसे भरून राहायला आलेली पाहुणी बसून आमच्याकडे टकमक बघत होती, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आणि दुसऱ्या कुणी फसावं तर एक वेळ ठीक. मी उभा जन्म बसच्या अड्ड्यावर काचेमागे बसून गाड्या पुकारल्या. "प्रवाशांनी आपले सामान आपण सांभाळावे." किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. त्या 'आपण'मध्ये मी कधीच नव्हतो. मी फक्त पुकारणारा.

"आत्याकडे," चिरंजीव म्हणाला. आत्या म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या घरी घड्याळाच्या टिकटिकीलाही परवानगी घ्यावी लागते. "थोडे दिवस. तेवढाच हवापालट."

"कुणाची हवा आणि कोण पालटतोय?"

"बाबा, प्लीज. पाहुण्यांना तुमची खोली हवीय. मागची खोली हॉटेलसारखी वाटते म्हणतात."

"मग रंग खरवडा थोडा."

"ते करून झालं," तो म्हणाला, आणि तो थट्टा करत नव्हता. मागच्या रविवारी नवराबायको दाराला कानस घासत बसले होते ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, दार अडकत असेल.

हे पाहुण्यांचं प्रकरण सुरू झालं तेव्हा मीच सगळ्यांत जास्त हसलो होतो. लोक लांबलांबून येणार, आणि काय बघणार, तर आमचा जिना! राजवाडे नकोत, मिनार नकोत, संग्रहालयं नकोत. इथल्या माणसासारखं राहायचं. इथल्या माणसाला विचारा की बाबा, तुला कसं राहायचंय, तर तो म्हणेल, हॉटेलात. पण सूनबाई हुशार. विम्याच्या कचेरीत पंधरा वर्षं तिनं लोकांना न घडलेल्या गोष्टी विकल्या होत्या, घडणाऱ्या विकायला तिला कितीसा वेळ? पहिल्या पाहुण्यांना तिनं ताजं गरम जेवायला वाढलं, तर त्यांची तोंडं उतरली. तुम्ही हेच खाता का रोज, असं त्यांनी विचारलं. खोटं बोलता येईना म्हणून ती म्हणाली, कालचं उरलेलं खातो. झालं! तेव्हापासून पाहुण्यांना कालचं. आता उरवायचं तर आधी जास्त करायला हवं; म्हणून रोज एक भाजी फक्त शिळी होण्यासाठी शिजू लागली, आणि ती पाहुण्यांची म्हणून तिला आमच्यापैकी कुणी हात लावायचा नाही. पूर्वी घरात कालचं कोण संपवणार यावरून नवराबायकोची रोज जुंपायची. तीही आता दुपारी पाहुणे जागे असताना जुंपते, जरा मोठ्यानं, आणि भांडता भांडता दोघं एकमेकांना वाक्य पुरं करू देतात. खरी भांडणारी माणसं असं कधी करत नाहीत. खालचा किराणावाला स्वभावानं गायीसारखा गरीब. पण पाहुण्यांना इथल्यांसारखं दुकानदाराची बोलणीही खायची असतात, म्हणून सूनबाईनं त्याला पटवलं. तो बिचारा माझ्याकडे वर आला, कान खाजवत म्हणाला, "आजोबा, एखादं अस्सल खेकसणं शिकवा ना. मी ओरडलो की मलाच रडू येतं." मी त्याला शिकवलं. "सुट्टे नसतील तर माल घरी जाऊन पिकवा" हे वाक्य माझं आहे. आता ते ऐकायला लोक रांग लावतात. परवा तेच वाक्य पलीकडच्या गल्लीतल्या औषधवाल्याच्या तोंडी ऐकलं. त्याच्याकडे कोणी पाहुणा नव्हता, तो खरोखरच चिडला होता. म्हणजे बघा, मी घरात बसून गावाला राग कसा यावा हे ठरवून दिलं. राजांना जमलं नाही ते.

माझं काम खिडकीशी बसून आजोबा असण्याचं. ते मी मन लावून केलं, कबूल. आमच्या जिन्याची पाचवी पायरी बुटकी आहे. कारण गवंडी बोबडा होता आणि त्यानं 'वीट' मागितली तर मजुरानं 'बीट' दिलं, असं मी सांगे. समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी मूळची बोट आहे, पुरात वर चढली आणि उतरायला विसरली. हा रस्ता वाकडा आहे कारण आखणारा अधिकारी तिरळा होता आणि त्याला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पाहुणे माना डोलवत, फोटो काढत. मी खोटं बोलतो असं मला कधी वाटलं नाही; खरं हे धुऊन नुसत्या वाळलेल्या सदऱ्यासारखं ताठ असतं, मी त्याला जरा पाणी मारून इस्त्री करतो. बायकोच्या तर मी कितीतरी कथा केल्या. तिनं चोराला झाकणानं बडवला. तिनं पैज लावून नदी ओलांडली आणि पलीकडे गेल्यावर चप्पल विसरली म्हणून परत आली. ती माझ्याबरोबर पळून आली, तेही मी जागा नसताना. पाहुणे पोट धरधरून हसत. मला वाटे, तिलाही आवडेल, कारण तिला माझ्या थापा आवडायच्या. ड्यूटीवरून आलो की पुकारलेल्या गावांच्या गोष्टी मी तिला सांगत असे. एकाही गावी मी गेलेलो नव्हतो. अमक्या गावी म्हणे कोंबडे दुपारी आरवतात, तमक्या गावी सावलीला भाडं पडतं. ती भाजी निवडत ऐके, आणि देठ एका बाजूला, पानं एका बाजूला करता करता एखाद्या वेळी विचारी, "तिथं आपण कधी जायचं?" मी म्हणे, "छे, तिथं बघण्यासारखं काही नाही." हे मात्र मी अगदी खऱ्यासारखं सांगे. ती पुन्हा देठ मोडू लागे. त्या 'आपण'ला दुसरं तोंड नव्हतं. त्यात दोनच माणसं होती, आणि त्यांतलं एक काचेमागून उठायला तयार नव्हतं.

आणि ती गेली ती माझ्याच खोलीत, त्या खिडकीजवळच्या खाटेवर. हे मी पाहुण्यांना कधी सांगितलं नाही. चिरंजीवालाही पुरतं सांगितलेलं नाही. त्यानं विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. झाकण, नदी, चप्पल हे सगळं मी खोलीबाहेर अंथरून ठेवलं होतं. बाहेर इतकी आरास असली की आत कोण कशाला डोकावतो? ती खोली आता जाणार होती. शाल घडी घालून तयार होती. उजव्या बुटात हात तसाच ठेवून मी बसलो होतो, आणि बुटाच्या आतला ओलसर उबारा माझ्या हाताला असा चिकटला होता की तो काढला तर हातच आत राहील असं वाटलं.

पाहुणी टेबलापलीकडून उठून माझ्यासमोर येऊन बसली. मी तिचं नाव खरीबाई ठेवलं होतं, कारण तिच्या दर वाक्यात एक 'खरं' असे. आपली भाषा ती कुठल्याशा वर्गात शिकून आली होती आणि ती अशी बोले की जणू प्रत्येक शब्द आधी हात धुऊन आलाय.

"आजोबा, आपण दुःखी आहात काय?"

"मी बूट पुसतोय."

"आपण जात आहात. मला वाईट वाटते. आपल्या सर्व गोष्टी मी ऐकल्या. त्या फार गमतीच्या आहेत, परंतु..." ती शब्द शोधत थांबली. "मला एक खरी गोष्ट हवी आहे. जाण्यापूर्वी. फक्त एक."

मी तिच्याकडे बघितलं. वाईट बाई नव्हती. दुकानदाराचं खेकसणं ऐकून रोज ती त्याला वाकून नमस्कार करी. आणि माझ्या डोक्यात आलं, हिला सांगावं. खरं ते. ही खोली कुणाची आहे ते कळलं तर ही बाई त्या खाटेवर अंग टाकणार नाही. माणूस आहे, लाजेल. म्हणेल, नको, मला मागचीच बरी. बॅग आपोआप आत जाईल. सगळं आयुष्य थापांवर काढलं, आता खऱ्यानं एक खोली वाचवावी, एवढंच. म्हणून मी सांगितलं. ज्या माणसानं कधी बिनइस्त्रीचं काही अंगावर घातलं नाही, त्याला कपड्याशिवाय बाहेर पडल्यासारखं वाटतं, तसं ते झालं. दुपार होती. बायकोला ताप होता, पण फार नव्हता. ती खाटेवर आणि मी तिच्याकडे पाठ करून खिडकीत. समोरच्या इमारतीत दोन माणसं एक कपाट चढवत होती आणि ते दारात अडकलं होतं. मी वर्णन करत होतो, माझ्या सवयीनं. आता कपाट म्हणतंय, मला इथं यायचंच नव्हतं, आता जाड्या म्हणतोय, मग तुझी बायको माप घ्यायला का आली होती, असं. मध्येच तिनं विचारलं, "कोण आलंय?" मी म्हटलं, "कुणी नाही." ती म्हणाली, "मग राहू दे." मी पुढे सांगत राहिलो. त्यांनी कपाटाची दारं काढली, आडवं केलं, आत घातलं. ते सांगायला मी वळलो. माझं सांगणं तिनं कुठपर्यंत ऐकलं ते मला माहीत नाही.

"काय राहू दे?" खरीबाईनं अगदी हळू विचारलं.

"तेच माहीत नाही."

तिनं डोळे मिटले. हात छातीवर ठेवला. मग पुटपुटली, "हे खरे आहे." उठली, माझ्या पॉलिशच्या हाताला हात लावला आणि स्वयंपाकघराकडे गेली. मी मनात म्हटलं, सुटलो. आणि एक विचित्र गोष्ट, मला त्या क्षणी आत्याकडे जावंसं वाटलं. खोली वाचली होती, पण आता तिच्यात वारा शिरला होता.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असलं तरी आमच्या घरात दार लोटणं ही फक्त रीत आहे. खरीबाई स्वच्छ बोलत होती. तिला तीच खोली हवी होती. आता तर तीच. ती खाट, ती खिडकी, काही म्हणजे काही हलवू नये. आणि आजोबांना पाठवू नये. इतकं खरं तिला कुठल्याच देशात कुणी दिलं नव्हतं. तिच्या ओळखीचे अनेक लोक येतील. मग ती आपल्या खोलीत गेली, आणि भांडी एकदोनदा वाजली.

"काय म्हणते?" चिरंजीवाचा आवाज.

"बाबांना जाऊ देऊ नका म्हणते. आईंचं काहीतरी सांगितलं त्यांनी तिला. रडत होती ती."

"आईचं? काय सांगितलं?"

"ते विचार तू त्यांना. पण खोली तिला, आणि बाबाही हवेत."

"बाबा झोपणार कुठं?"

"इथं, ओट्याच्या बाजूला. फोल्डिंगची खाट आहे ना."

 नळ ठिबकत होता. मग सूनबाई म्हणाली, "मग राहू दे."

मी दचकून उठलो. बूट हातातून पडला. तेच तीन शब्द, तीच घाई नसलेली चाल. पण या शब्दांनाही दुसरं तोंड असतं हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. राहू दे म्हणजे सोडून दे. आणि राहू दे म्हणजे राहू दे त्याला, असू दे इथंच. तिनं, माझ्या बायकोनं, कोणत्या तोंडानं म्हटलं होतं? विचारायला जावं तर कुणाकडे? चिरंजीव बाहेर आला, शाल खांद्यावर टाकून बॅग आत घेऊन गेला. माझ्याकडे बघून हसला. आईचं काय सांगितलंत, असं त्यानं विचारलं नाही. मला आनंद झाला. सांगायला शरम वाटते, पण बॅग आत गेली तेव्हा मला लहान मुलासारखा आनंद झाला.

खरीबाई गेली, दुसरे आले. सूनबाई ओटा पुसत होती, पुसलेलाच. "बाबा, ते आईंचं सांगाल ना? बोटीचं, तिरळ्या अधिकाऱ्याचं नको. तेच."

"प्रत्येकाला?"

"नवे आले की."

"आणि नाही सांगितलं तर?"

"असं कोण म्हणतंय?" ती फडका पिळत म्हणाली. "आत्यांचा फोन आला होता. कधीही या म्हणाल्या."

या वेळी एक जोडपं होतं. खाटेवर बसून त्यांनी ऐकलं, तिच्या खाटेवर, आणि मी दारात उभा, कारण आता ती त्यांची खोली. कपाट आलं, जाड्या आला, कोण आलंय, कुणी नाही, मग राहू दे. "काय राहू दे?" नवऱ्यानं विचारलं. माहीत नाही, मी म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला, गल्ल्यापाशी उरलेले सुट्टे मिळायची वाट बघावी तसा. रात्रीचं जेवण झाल्यावर सूनबाई म्हणाली, "माहीत नाही असं काय सांगता, बाबा? त्यांना वाटतं आपण काहीतरी लपवतोय."

हे 'आपण' अस्सल होतं. दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं. त्यात मी होतो.

तिसऱ्या खेपेला गोष्टीतून कपाट गळालं. जाड्याचं बोलणं पाहुण्यांना हसवी आणि मग रडायला वेळ लागे. चौथ्या खेपेला मी खिडकीतून जरा आधी वळू लागलो. आणि पाचव्या वेळी एक म्हातारी पाहुणी, माझ्याच वयाची, ओठ घट्ट मिटून ऐकत होती. तिनं काय राहू दे असं विचारलंसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. आणि माझ्या तोंडातून आपसूक निघालं: "ती म्हणाली, मग राहू दे, तुम्ही तेवढे जवळ बसा. मी बसलो. तिचा हात हातात घेतला." म्हातारी हमसून हमसून रडली. सूनबाईही दाराआड डोळे टिपत होती, आणि तिचे डोळे खरोखर ओले होते, मी पाहिलं. त्या दिवशी मला तिनं ताजी, गरम भाजी वाढली. चिरंजीव जेवताना म्हणाला, "मला हे माहीतच नव्हतं, बाबा." आणि त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मी त्याला काय सांगणार होतो? घास गिळला. भाजी चांगली झाली होती.

पाहुणे दुपारी गाव बघायला, म्हणजे इथल्यासारखे रांगेत उभे राहायला, बाहेर पडतात. तेव्हा मी हळूच त्या खोलीत जातो. त्यांच्या उशा बाजूला करून खाटेच्या कडेवर बसतो. ती गेल्यापासून मी रोज तिला विचारत आलोय, काय राहू दे गं? आणि ती गप्प असायची. कधी वाटायचं, पाणी म्हणाली असेल. कधी वाटायचं, खिडकी. कधी, माझी ती कपाटाची बडबड. कधी, सगळंच. त्या गप्प बसण्यात मला किती जागा होती! रोज नवीन काहीतरी मांडून बघायचो, आणि ती हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. आमचा संसार तेवढाच उरला होता, आणि तो भरलेला होता.

काल दुपारी गेलो. उशा सरकवल्या, बसलो, म्हटलं, काय गं, काय राहू...

माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिनं उत्तर दिलं, पाहुण्यांना सांगतो तेच.